आकृतिबंधात नसलेली शाळा

१ डिसेंबर २०२३, शुक्रवार. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास सूनबाईंच्या मोबाइलवर शाळेचा संदेश आला : पाल्याला ताबडतोब घरी घेऊन जावे. कारण लिहिलेले नव्हते. चिरंजीव परगावी, सून कचेरीत जायला निघालेली, म्हणून नातीला आणायला मी निघालो. सेवानिवृत्तीनंतर बंगळुरास मुलाकडे राहायला आल्यापासून शाळेची ने-आण हेच माझे नियमित कामकाज आहे. शाळेपाशी पोहोचलो तो शंभरेक पालक फाटकाबाहेर उभे, आतल्या पटांगणात रांगा लावून बसवलेली मुले, आणि या दोहोंच्या मध्ये एक हवालदार व एक महिला शिपाई. बॉम्बशोधक पथकाची वाट पाहिली जात होती. पथक दुसऱ्या शाळेत होते, तिथून तिसऱ्या शाळेत जायचे होते, मग इथे येणार होते.

त्या दिवशी शहरातील व भोवतालच्या चाळीसहून अधिक शाळांना एकाच स्वरूपाचे धमकीचे ई-मेल आले होते. त्यांतली एक शाळा उपमुख्यमंत्र्यांच्या घरासमोर होती, त्यामुळे दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्या तिथे जमल्या. सायंकाळपर्यंत कोठेही काही सापडले नाही. खोडसाळपणा होता. एप्रिल २०२२ मध्ये असेच घडले होते आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा घडले.

आमच्या फाटकावरची ती महिला शिपाई पालकांना कानडीत, हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीत एकच वाक्य सांगत होती : गर्दी करू नका, मुले सुरक्षित आहेत. एका पालकाने चिडून विचारले, ‘‘पण तुम्ही दोघेच?’’ तिने उत्तर दिले नाही. आयुष्याची तीस वर्षे आस्थापनेच्या फायलींत गेल्यामुळे असेल, मला मात्र तो प्रश्न घरी आल्यावरही सोडीना. शाळेच्या दारात किती पोलीस असावेत, हे कोणी, कधी, कोणत्या कागदावर ठरवले आहे काय? त्याचा माग काढताना या शहराचा पोलिसी इतिहास थोडाफार वाचला. त्याचे हे टिपण.

बंगळुरूचा इतिहास म्हटला की मराठी माणूस प्रथम शहाजीराजांची आठवण काढतो, आणि ते योग्यच आहे. १६३८ नंतर हे ठाणे त्यांच्या जहागिरीचे केंद्र होते व पुढे व्यंकोजींकडे आले. १६८७ च्या सुमारास मोगलांनी ते घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना विकले. पण आजच्या पोलीस व्यवस्थेची मुळे त्या काळात नाहीत. ती १८०९ सालात आहेत. त्या साली इंग्रजांनी जुन्या पेठेच्या ईशान्येस लष्करी छावणी वसवली आणि एका गावाची दोन गावे झाली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वोडेयरांना परत मिळाले, तरी छावणीचा भाग ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ या नावाने ब्रिटिश रेसिडेंटाच्या अमलाखाली राहिला, तो थेट १९४७ पर्यंत. पेठेचे पोलीस महाराजांचे, स्टेशनचे पोलीस रेसिडेंटाचे. मधोमध कब्बन पार्क. दोन्ही भागांच्या नगरपालिका एकत्र होऊन महानगरपालिका झाली ती १९४९ मध्ये.

शाळांच्या बाबतीत या दुभंगाचा एक परिणाम झाला. छावणीकडच्या जुन्या इंग्रजी शाळा, उदाहरणार्थ १८५८ ची सेंट जोसेफ, १८६५ ची बिशप कॉटन, १८८० ची बाल्डविन, मोठ्या आवाराच्या, उंच भिंतींच्या आणि स्वतःचे दरवान बाळगणाऱ्या होत्या. भिंतीच्या आतली शिस्त मुख्याध्यापकाची, बाहेरची सरकारची, हा अलिखित करार होता. पेठेतल्या शाळांना आवारच नव्हते. त्या गल्लीत भरत, आणि गल्लीची राखण गल्लीतली माणसेच करीत. दोन्हीकडे पोलिसाने शाळेत पाऊल टाकण्याचा प्रसंग म्हणजे चळवळ, संप किंवा दगडफेक. विद्यार्थ्याला राखण्यासाठी नव्हे, विद्यार्थ्यांपासून रस्ता राखण्यासाठी पोलीस येई. १९४२ च्या पिढीतल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागले नसते.

१९६३ मध्ये बंगळुरात पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. त्याच सालचा राज्याचा पोलीस कायदा आपल्या माणसांना ओळखीचा वाटेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे मुंबई राज्यातले जिल्हे म्हैसूरमध्ये आले ते १९५१ चा मुंबई पोलीस कायदा बरोबर घेऊन. जुन्या म्हैसुरात वेगळा कायदा, हैदराबादेकडून आलेल्या जिल्ह्यांत आणखी वेगळा. या सगळ्यांच्या जागी एकच कायदा आणताना मुंबईच्या कायद्याची छाप त्यावर ठळक पडली. आयुक्तांना जमावबंदीचे, मिरवणुकांचे, करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचे अधिकार मिळाले. अधिकार पुष्कळ होते. ते बजावायला माणसे किती, हा प्रश्न कायद्यात येत नसतो. तो शासन निर्णयांत आणि वित्त विभागाच्या शेऱ्यांत असतो.

आणि शहर तर थांबायला तयार नव्हते. १९६१ च्या जनगणनेत उपनगरांसह बारा लाख, १९८१ मध्ये एकोणतीस लाख, २००१ मध्ये सत्तावन्न लाख, २०११ मध्ये पंच्याऐंशी लाखांच्या घरात. एच.एम.टी., एच.ए.एल., आय.टी.आय. या सरकारी कारखान्यांच्या वसाहतींनी एक वाढ दिली आणि संगणक कंपन्यांनी दुसरी. आपली बहुतेक मराठी कुटुंबे या दुसऱ्या लाटेतली. गांधीनगरातल्या शंभरी ओलांडलेल्या महाराष्ट्र मंडळाच्या जुन्या सभासदांची गोष्ट वेगळी. सरजापूर रस्ता, व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी या भागांत पहिली इमारत उभी राहते, मग शाळा येते, मग आणखी दहा इमारती. पोलीस स्टेशन सर्वांत शेवटी येते, तेही बहुधा भाड्याच्या जागेत, शेजारच्या स्टेशनांतून उसने घेतलेल्या माणसांवर.

या शहराच्या स्मरणात मुलांच्या सुरक्षेचा एक मोठा आघात १९८१ चा आहे. त्या वर्षी ७ फेब्रुवारीस व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागून ९२ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. वाचताना मला २००४ ची कुंभकोणमची शाळा आठवली. तिथे गवती छपराच्या आगीत ९४ मुले गेली, आणि त्या प्रकरणावरून झालेल्या याचिकेत २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. दोन्ही ठिकाणी परवाने, दाखले, तपासणी यांची चर्चा फार झाली. तपासणी करणारा एक माणूस किती जागा पाहू शकतो, याची फारशी झाली नाही.

एक चांगला प्रयत्न मात्र नोंदवला पाहिजे. २००० नंतरच्या दशकात एम. ए. सलीम हे वाहतूक विभागात असताना शहर पोलिसांनी ‘शाळेची सुरक्षित वाट’ अशा अर्थाचा कार्यक्रम राबवला. मोटारींऐवजी बसगाड्या, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळांत बदल, फाटकापाशी वाहन थांबवण्यास मनाई असे त्याचे स्वरूप होते. (हे गृहस्थ २०२५ मध्ये राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले.) बंगळुरात वाहतुकीची पोलीस स्टेशने वेगळी आहेत, ही बाब इथे महत्त्वाची. वाहतुकीच्या शिपायाला इतर गुन्ह्यांच्या तपासात सहसा ओढले जात नाही, म्हणून सकाळी आठ वाजता तो चौकात खरोखर सापडतो. कार्यक्रमाला यश मिळाले तेवढे या साध्या कारणाने मिळाले असे माझे मत आहे. कामाला माणूस बांधून दिला की काम होते.

यानंतर २०१४. त्या जुलै महिन्यात शहराच्या पूर्व भागातल्या एका खासगी शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर शाळेच्या आवारातच अत्याचार झाल्याचे उघड झाले. हजारो पालक रस्त्यावर आले. त्यांत आपले मराठी पालकही होते, माझे चिरंजीव होते. आयुष्यात प्रथमच तो एखाद्या मोर्चात गेला आणि मला पुण्याला फोन करून म्हणाला, ‘‘बाबा, यंत्रणा म्हणजे नक्की कोण?’’ मी तेव्हा काहीतरी समजुतीचे बोललो. २१ जुलै रोजी आयुक्त राघवेंद्र औरादकर यांच्या जागी एम. एन. रेड्डी आले. महिनाअखेरीस बंगळुरू बंद झाला. गुंडाविरोधी कायद्यात लैंगिक गुन्हेगार समाविष्ट करण्याची दुरुस्ती झाली.

तपासाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लोकक्षोभाच्या ऐन भरात एक अटक झाली. दहा दिवसांत तपासाची दिशा बदलली, दुसऱ्या दोघांना अटक झाली आणि आरोपपत्र त्या दोघांवर दाखल झाले. २०१७ मध्ये हरियाणातल्या गुरुग्राम येथे एका शाळकरी मुलाचा खून झाला तेव्हाही असेच घडले. स्थानिक पोलिसांनी बसच्या वाहकाला धरले आणि पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास वेगळ्याच दिशेला नेला. जमाव दाराशी असताना तपास अधिकाऱ्याने शांत डोक्याने काम करावे, असे वाटत असेल तर जमाव सांभाळणारे वेगळे आणि तपास करणारे वेगळे असावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंह प्रकरणात तपास आणि बंदोबस्त यांची फारकत करा असे सांगितले होते ते याचसाठी. ठाण्यात तेच आठ लोक दोन्ही कामांना असतील तर फारकत करायची कुणाची?

याच प्रकरणानंतर बंगळूर पोलिसांनी शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सीसीटीव्ही, बसमध्ये महिला मदतनीस, आणि शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी. ऑक्टोबरात उत्तर भागातल्या दुसऱ्या एका शाळेत तीन वर्षांच्या मुलीबाबत असाच गुन्हा घडला, तेव्हा त्याच सूचना अधिक कडक भाषेत पुन्हा चर्चेत आल्या.

पडताळणी म्हणजे काय, हे ज्यांनी केली नाही त्यांना फार सोपे वाटते. शाळा अर्ज भरते. ठाण्यातला शिपाई त्या माणसाच्या राहत्या पत्त्यावर जातो, दोन शेजाऱ्यांना विचारतो, ठाण्याच्या दप्तरात नाव आहे का पाहतो. बंगळुरातला शाळेचा रखवालदार आसामचा, बसचालक कलबुर्गीचा, सफाईची बाई रायचूरची. त्यांची माहिती त्यांच्या मूळ ठाण्याकडून यायला हवी. एका ठाण्याच्या हद्दीत तीस शाळा आणि प्रत्येकी पन्नास कर्मचारी धरा. पंधराशे चौकश्या झाल्या. एकीला अर्धा दिवस धरला तर साडेसातशे मनुष्यदिवस, म्हणजे अडीच-तीन शिपायांचे संपूर्ण वर्ष. आणि शाळेतली माणसे दर वर्षी बदलतात. हे त्रैराशिक पाचवीच्या मुलाला जमेल. पण २०१४ मध्येच काय, नंतरही शाळांच्या नावाने वेगळी पदे मागितल्याचा कागद माझ्या पाहण्यात आलेला नाही. देशाचा हिशेब घेतला तर १ जानेवारी २०२२ रोजी दर लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस १९६ आणि प्रत्यक्षात हजर सुमारे १५३ होते. हे हजर म्हणजे पगारपत्रकावर हजर. बंदोबस्त, रजा, कोर्ट, मंत्र्यांचे दौरे यांतून उरणारे वेगळे.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्याचे २४ वे कलम अतिशय माणुसकीचे आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा. प्रत्येक ठाण्यात किमान तीन महिला उपनिरीक्षक आणि दहा महिला शिपाई असावेत, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सुचवले होते. २०२२ च्या आरंभी देशाच्या पोलीस दलात स्त्रियांचे प्रमाण १२ टक्क्यांहूनही कमी होते. कायद्यातला ‘शक्यतो’ हा शब्द या आकड्यासाठीच घातलेला असावा.

आता औरादकर यांच्याकडे परत येतो. जून २०१६ मध्ये कर्नाटकातल्या पोलिसांनी सामूहिक रजेवर जाण्याची हाक दिली. तक्रारी जुन्याच होत्या : तुटपुंजा पगार, न संपणारी ड्यूटी, साप्ताहिक सुटी न मिळणे. सरकारने पगाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे प्रमुख औरादकर. ज्यांची २०१४ मध्ये लोकक्षोभात बदली झाली त्यांनीच शिपायाच्या पगाराचा अहवाल लिहिला. त्यातल्या शिफारशींचा काही भाग अमलात यायला २०१९ उजाडले. आयुक्त बदलायला या राज्यात चार-पाच दिवस पुरतात, शिपायाची वेतनश्रेणी बदलायला तीन वर्षे लागतात. आपल्याकडेही काही वेगळे नाही, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमपाशी क्रिकेटच्या विजयोत्सवात ११ जण चेंगरून मेले, त्यांत शाळकरी मुलगीही होती. आदल्या रात्रभर रस्त्यावर असलेले दलच त्या दिवशी बंदोबस्ताला होते. आयुक्त निलंबित झाले.

हे सगळे मी तटस्थपणे लिहितो आहे असा वाचकांचा समज होऊ नये. माझा हातही या कामात आहे. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात असताना एका वसतिगृहातल्या मुलीची तक्रार आली आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. मी बैठक घेतली आणि दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघाले : प्रत्येक ठाण्याच्या बीट अंमलदाराने हद्दीतल्या प्रत्येक शाळेस व वसतिगृहास महिन्यातून दोनदा भेट देऊन भेट-वहीत सही करावी. परिपत्रकाची भाषा उत्तम साधली होती. वर पाठवलेल्या अहवालावर प्रशंसेचा शेरा आला. सहा महिन्यांनी दौऱ्यावर असताना वाटेतल्या एका शाळेत ती वही मागवली. बारा सह्या होत्या, एकाच शाईच्या. त्यांतली एक तारीख रविवारची होती.

हवालदाराला बोलावले. पन्नाशीचा गृहस्थ होता. मी रागावलो, तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, ‘‘साहेब, ठाण्याला मंजूर बावीस, हजर चौदा. दोन कोर्टाला, एक समन्सला, दोन रात्रपाळीचे झोपलेले, एक तुमच्याच दौऱ्याच्या बंदोबस्ताला. माझ्या बीटात शाळा सदतीस. सांगा, कोणती करू?’’ मी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. परिपत्रक मात्र मागे घेतले नाही. मागे घेतले असते तर वरून विचारणा झाली असती. माझ्या बदलीनंतरही ते चालूच होते असे ऐकतो. वह्याही भरतच असतील.

पुण्यात २०१७ च्या सुमारास आयुक्त रश्मी शुक्ला यांच्या काळात ‘पोलीस काका’ ही कल्पना आली. प्रत्येक शाळेला एक नावानिशी पोलीस, मुलांकडे त्याचा नंबर. नाव फार सुरेख. काका हा आपल्या घरात वडिलांना न सांगण्याजोगे सांगण्याचा माणूस असतो. कर्नाटकात ‘तेरेद मने’ म्हणजे उघडे घर नावाचा उपक्रम आहे, त्यात शाळेची मुले पोलीस स्टेशन पाहायला जातात. केरळने २०१० मध्ये सुरू केलेली विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना २०१८ मध्ये देशभर नेण्यात आली. बंगळूरच्या आयुक्त कचेरीत ‘मक्कळ सहायवाणी’ मुलांसाठी कित्येक वर्षे चालते. अशा उपक्रमांना मी नावे ठेवणार नाही. पण उपक्रम हा अधिकाऱ्याबरोबर येतो आणि अधिकाऱ्याबरोबर जातो, पद मात्र आकृतिबंधात राहते. काकाची बदली झाली की मुलांकडे उरतो तो फक्त नंबर.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडले. शिशुवर्गातल्या दोन मुली. पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी ठाण्यात बारा तासांच्या आसपास ताटकळावे लागले, असे तेव्हा सर्वत्र छापून आले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांची समिती नेमली गेली. आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला : सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, समित्या. मी तो बंगळुरात बसून वाचला, आणि २०१४ चे इथले कागद शेजारी ठेवले. दहा वर्षे, दोन राज्ये, दोन भाषा. परिच्छेदांचा क्रमसुद्धा पुष्कळसा तोच होता.

बदलापूरच्या त्या ठाण्याची बाजू मी घेत नाही. लहान मुलीच्या आईला ताटकळत ठेवण्याला संख्याबळाची सबब चालणार नाही. तेवढी माणुसकी एका शिपायालाही दाखवता येते. पण चौकशीत हेही विचारले जावे असे मला वाटते की त्या दिवशी त्या ठाण्यात किती जण हजर होते, त्यांत जबाब घेऊ शकणाऱ्या महिला अधिकारी किती, आणि बाकीचे कोणत्या बंदोबस्ताला होते. ठाण्याच्या दैनंदिनीत ही नोंद असते. ती मागवायला दहा मिनिटे लागतात.

नातीच्या शाळेत गेल्या टर्मला पालक-सभा झाली. नव्या कॅमेऱ्यांची संख्या सांगण्यात आली, टाळ्या पडल्या. मी हात वर करून विचारले, आपल्या पोलीस स्टेशनला मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे शाळेने कधी विचारले आहे का? प्राचार्या सौजन्याने हसल्या. शेजारच्या तरुण पालकाने, बहुधा नागपूरकडचा असावा, हळूच मराठीत म्हटले, ‘‘काका, हे आपल्याला विचारता येतं?’’

येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते. ती नसेल तर सहाव्या कलमाखाली अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. त्या तरुणाला घरी बोलावले आणि दोघांनी मिळून अर्ज तयार केला. कानडी मसुदा शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी तपासून दिला. चार प्रश्न आहेत : मंजूर पदे, भरलेली पदे, हद्दीतील शाळांची संख्या, आणि गेल्या वर्षी पूर्ण झालेल्या शाळा-कर्मचारी पडताळण्या. मागच्या मंगळवारी अर्ज दिला. घेणारी बाई तीच होती, १ डिसेंबरला आमच्या फाटकावर उभी असलेली. तिने तिसरा प्रश्न दोनदा वाचला, शिक्का मारला आणि म्हणाली, उत्तर मलाच लिहायचे आहे, थोडा वेळ लागेल.